पोरगं खेळायचं थांबलं, हे डॉक्टरांना सांगायचं का?

(आमच्या सामुदायिक रेडिओवर दुपारच्या ‘मैत्रिणींशी गप्पा’ या वेळेत आम्ही दोघींनी मिळून केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप.)

जेवणं झाली असतील, भांडी व्हायची असतील. भांडी घासता घासता ऐकलंत तरी चालेल.

मागच्या महिन्यात एका ताईंचा फोन आला होता. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा. एका जागी बसायचा नाही, वही कधी पुरी नाही, वर्गात उठून दुसऱ्याच्या बाकावर जाऊन बसायचा. शाळेतून रोज चिठ्ठी. शेवटी जिल्ह्याच्या गावी मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घाई केली नाही, दोन-तीनदा बोलावलं, आईबापांना आणि शाळेला प्रश्न विचारले, आणि मग अतिचंचलतेची गोळी सुरू केली. गोळीचा गुण आला. मुलगा बसायला लागला, गणितं सोडवायला लागला, चिठ्ठ्या बंद झाल्या. ताई म्हणाल्या, “सगळं चांगलं आहे हो, पण पोरगं खेळायचं थांबलंय. पोरं दारात येऊन हाका मारतात आणि हा उंबऱ्यावर बसून नुसता बघत राहतो. हे डॉक्टरांना सांगायचं का? सासूबाई म्हणतात, डॉक्टर हसतील. शांत व्हावा म्हणून औषध आणलं, शांत झाला, आता तक्रार कसली?”

आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. डॉक्टर आम्ही नव्हे. म्हणून आम्ही पुस्तकं काढली, मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना गाठलं आणि दोन आठवडे वाचत बसलो. ज्यांनी या प्रश्नाचा सगळ्यांत खोल विचार केलेला सापडला, त्यांनी तो विचार उंदरांच्या पिल्लांवर केलेला आहे. तेव्हा आज गोष्ट उंदीरमामांची. नाक मुरडू नका.

खेळणारं पिल्लू आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. शेळीचं करडू चार दिवसांचं झालं की जागच्या जागी चारही पाय उचलून उडी मारतं. वासरू सुटलं की शेपटी वर करून गोठ्याला वेढे घालतं. कुत्रीची पिल्लं एकमेकांचे कान ओढतात. त्यातून कुणाच्या पोटात काही जात नाही, उलट ताकद खर्च होते, आणि मोकळ्या रानात असेल तर शत्रूच्या नजरेला पडायचीही भीती. तरी पिल्लं खेळतात. पोट भरलं म्हणून जास्तीची मस्ती, असं आपण म्हणतो आणि विषय सोडून देतो. शास्त्रज्ञांनीही बराच काळ सोडूनच दिला होता. खेळ मोजायचा कसा, हीच अडचण होती.

उंदराच्या पिल्लांनी ती सोडवली, कारण त्यांचा खेळ ठरावीक असतो. हा प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर, आपल्या कपाटातल्या चिमुकल्या उंदरापेक्षा बराच मोठा, घुशीपेक्षा लहान. पिल्लं अडीच आठवड्यांची झाली की खेळायला लागतात, तीस ते चाळीस दिवसांच्या वयात खेळ ऐन भरात असतो, आणि वयात आली की ओसरतो. खेळ म्हणजे चक्क कुस्ती. एक पिल्लू दुसऱ्याच्या मानगुटीवर झेप घेतं आणि तिथे नाक घासतं. दुसरं गर्रकन वळतं आणि उताणं पडतं, पहिलं त्याच्या अंगावर उभं राहतं. आपल्या आखाड्यातलं चीतपट म्हणा ना! क्षणभरात खालचं सुटतं आणि मग त्याची पाळी. खरं भांडण अगदी निराळं. मोठे उंदीर खरोखर भांडतात तेव्हा पाठीच्या खालच्या भागावर, ढुंगणाजवळ चावे घेतात. खेळात रोख मानगुटीवर, आणि चावा नाहीच. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात सर्जियो आणि व्हिव्हियन पेलिस या नवराबायकोनं ही कुस्ती वर्षानुवर्षं बारकाईनं पाहिली आणि लिहून ठेवली.

तेव्हा मोजायचं असं: पिल्लाला काही तास ते एक दिवस एकटं ठेवायचं, मग जोडीदारापाशी सोडायचं, आणि मानगुटीवर किती झेपा, किती वेळा चीतपट हे मोजायचं. एकटं ठेवलेलं पिल्लू जोडीदार मिळताच नेहमीपेक्षा कितीतरी जास्त खेळतं. उपास घडला की दुसऱ्या दिवशी दोन भाकरी जास्त जातात, तसंच. नुसत्या ‘जास्तीच्या मस्ती’ची अशी उधारी साठली नसती. खेळाची भूक असते, ही पहिली गोष्ट इथे कळली.

या कामात एक नाव पुन्हा पुन्हा येतं, जाक पँक्सेप. जन्म १९४३चा, एस्टोनिया या छोट्या देशातला, काम अमेरिकेत ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन या गावच्या विद्यापीठात. २०१७ साली ते वारले. प्राण्यांना भावना असतात असं म्हणणं शास्त्रज्ञांमध्ये हास्यास्पद समजलं जाई, त्या काळात या माणसानं हट्टानं त्या भावनांचा शोध घेतला.

१९९०च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या लक्षात आलं की खेळताना पिल्लं काहीतरी आवाज काढतात. आपल्याला तो ऐकू येत नाही. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज पकडतो, हा पन्नास हजारांच्या आसपासचा. वटवाघळांचे आवाज ऐकायचं यंत्र लावलं तेव्हा चिवचिवाट ऐकू आला. मग एका सकाळी ते प्रयोगशाळेत आले आणि मदतनिसाला म्हणाले, चल, उंदरांना गुदगुल्या करू! मानगुटीला आणि पोटाला बोटांनी गुदगुल्या केल्या तर खेळापेक्षाही जास्त चिवचिवाट. नंतर पिल्लं त्या हाताच्या मागे मागे धावायला लागली. याला ‘हसणं’ म्हणावं का, यावर पुष्कळ शास्त्रज्ञ आजही कुरकुरतात. आम्ही ‘चिवचिवाट’च म्हणू, पण मनात काय म्हणतो ते तुम्हाला कळलंच असेल.

बर्लिनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली यात एक भर घातली. तेच पिल्लू, त्याच गुदगुल्या, पण उंच उघड्या फळीवर, जिथे पिल्लाला भीती वाटते. चिवचिवाट एकदम कमी झाला. पँक्सेप यांनी त्याआधी आणखी एक साधी गोष्ट केली होती. पिल्लांच्या पिंजऱ्यात मांजराचे थोडे केस टाकले. मांजर त्या पिल्लांनी जन्मात पाहिलं नव्हतं. खेळ बंद पडला, आणि केस काढून टाकल्यावरही कित्येक दिवस पिल्लं नेहमीसारखी खेळली नाहीत. उपाशी पिल्लंही कमी खेळतात. घरात धाक असला, पोटात अन्न नसलं, की खेळ आधी जातो. हे सांगायला उंदीर कशाला हवेत, असं तुम्ही म्हणाल. आमच्या अंगणवाडीताईंना हे पाठ आहे.

आता मेंदूतल्या रसायनांकडे वळू. आम्ही जमेल तितकं सोपं करतो.

अफू माणसाला चढते कशी? तर मेंदूतल्या पेशींवर तिच्या मापाची कुलपं असतात. ती १९७३ साली सापडली. पण माणसाच्या मेंदूत खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी कुलूप कुणी बसवलं? देवानं अफू खायला दिली असेल असं तर नाही. मेंदूची स्वतःची किल्ली असणार. ती १९७५ साली स्कॉटलंडमधल्या अबर्डीन इथे सापडली. मेंदू स्वतःच अफूसारखं रसायन बनवतो, अगदी थोडं थोडं. दुखणं कमी करायला, आणि जवळच्या माणसाजवळ बरं वाटायलाही.

पँक्सेप यांनी खेळणाऱ्या पिल्लांना अफूपासून काढलेलं मॉर्फिन अगदी थोड्या मात्रेत दिलं. पिल्लं जास्त खेळली. मग ती कुलपं बंद करणारं नालोक्सोन दिलं. हेच औषध हेरॉइन जास्त झालेल्या माणसाचा श्वास परत आणायला दवाखान्यात वापरतात. पिल्लांचा खेळ कमी झाला. एका प्रयोगात जोडीतल्या एकालाच औषध दिलं. थोडं मॉर्फिन घेतलेलं पिल्लू जास्त वेळा वर, नालोक्सोन घेतलेलं जास्त वेळा खाली. जणू आत्मविश्वासच कमी-जास्त झाला. पुढे हॉलंडमधल्या उट्रेख्ट विद्यापीठात लॉक व्हॅन्डरश्यूरन आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या व्हिव्हियाना त्रेत्सा यांनी २०११ साली मॉर्फिन मेंदूतल्या एकाच चिमुकल्या भागात सोडून पाहिलं. त्या भागाचं काम गोडी लागण्याशी जोडलेलं आहे. तिथे सोडलं तरी खेळ वाढला. म्हणजे खेळाची गोडी मेंदूत एका ठरावीक जागी, ठरावीक रसायनानं लागते.

पण हे सगळं थोड्या मात्रेचं. मात्रा वाढवली की पिल्लू गुंगून पडतं, ना खेळ ना काही. आणि इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी ‘बाळगोळी’ हा शब्द होता. अफू घातलेली गोळी. मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायका पहाटे पाळीला जाताना तान्ह्या बाळाला ती चाटवून जात. १९२०च्या दशकात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला सरकारनं नेमलेल्या डॉक्टरबाईंनी ही चाल सर्रास असल्याची नोंद केली आहे. त्या बायकांना दोष देणं सोपं आहे. दहा-दहा तास उभं राहायचं, पाळणाघर नाही, घरी दुसरं कुणी नाही, आणि बाळ रडलं तर शेजारीण तरी किती बघणार? गोळी दिली की बाळ निजायचं. काही बाळं त्यातून उठलीच नाहीत. जी उठली, त्यांच्या जागेपणाचे किती तास गेले, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. गप्प बाळ म्हणजे शहाणं बाळ, हे आपल्याकडे फार जुनं आहे.

आजही प्रवासात पोर झोपावं म्हणून सर्दीचं गुंगीचं सिरप पाजणाऱ्या आया आपल्यात आहेत. आमच्यातल्या एकीनं स्वतः हे केलेलं आहे, लपवत नाही. सर्दीच्या सिरपांमधल्या एका नेहमीच्या जोडऔषधावर ‘चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये’ असं छापायला केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये सांगितलं. बाटली घेतलीत तर त्यावरचं बारीक अक्षर वाचा किंवा वाचून घ्या.

दुसरं रसायन सांगतो, त्याचं नाव ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. गांजा मेंदूत ज्या कुलपांना लागतो, त्यांचीही मेंदूची स्वतःची किल्ली निघाली. जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली ती सापडली. नाव ठेवलं ‘आनंदामाइड’. संस्कृतातल्या आनंद शब्दावरून! आपला शब्द एवढ्या लांब जाऊन मेंदूत बसला.

पिल्लं खेळली की मेंदूतल्या गोडीच्या आणि भावनांच्या भागांत हे आनंदामाइड वाढतं, असं त्रेत्सा आणि व्हॅन्डरश्यूरन यांच्या गटाला दिसलं. मेंदू ते लगेच मोडूनही टाकतो. ते मोडणं औषधानं थोडं लांबवलं, तर पिल्लं जास्त खेळली. मग वाटेल, गांजासारखं औषध थेट दिलं तर आणखी खेळतील. उलट झालं. खेळ कमी झाला.

हे कोडं आम्हाला शेतीतून समजलं. ठिबकनं पाणी झाडाच्या मुळाशी पडतं, लागेल तेवढं, लागेल तेव्हा. पाटाचं पाणी सोडलं की सगळं रान भिजतं, वाफेही आणि मधली वाटही, आणि मग चालायलाही जागा राहत नाही. खेळताना मेंदू स्वतःचं रसायन ठिबकासारखं सोडतो. मोडणं लांबवणारं औषध त्याच थेंबांना जरा जास्त वेळ टिकवतं. बाहेरून दिलेलं औषध मात्र सगळीकडे एकदम पसरतं, जिथे नको तिथेही. त्यात जोडीदार काय करतोय, आता झेप घ्यायची की पडायचं, हे भानच हरवतं.

आता ताईंच्या गोळीकडे येतो. याचसाठी एवढा वळसा घेतला.

अतिचंचलतेवर जी औषधं देतात, त्यात सगळ्यांत नेहमीचं म्हणजे मिथाइलफेनिडेट. रिटालिन हे त्याचंच एक बाजारातलं नाव. ते आणि त्याच्या जातीतलं अ‍ॅम्फेटामिन पिल्लांचा खेळ कमी करतात, हे १९८०च्या दशकापासून माहीत होतं. उट्रेख्टच्या गटानं २००८ साली त्याचा छडा लावला. मिथाइलफेनिडेट दिलेली पिल्लं आजारी नव्हती, झोपाळू नव्हती. पिंजऱ्यात फिरत होती. जोडीदाराजवळ जाऊन त्याला हुंगत होती, ओळख ठेवून होती. फक्त मानगुटीवर झेप घेत नव्हती, आणि समोरच्यानं घेतली तर उताणी पडत नव्हती. बाकी सगळं जागेवर, खेळ तेवढा गेलेला.

उंबऱ्यावर बसून नुसता बघणारा मुलगा आम्हाला इथे आठवला.

का होतं असं? ही औषधं मेंदूत दोन रसायनं वाढवतात, डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन. डोपामिनचं नाव हल्ली मोबाइलवरच्या चित्रफितींतून सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे दोष त्याचा असेल असं वाटतं. शास्त्रज्ञांनी एकेक करून दोघांची कामं अडवून पाहिली. डोपामिनचं काम अडवलं तरी औषधाचा परिणाम तसाच राहिला. नॉरअ‍ॅड्रिनलिनचं एक विशिष्ट कुलूप अडवलं, आणि मग औषध देऊनही पिल्लं खेळली. शिवाय अ‍ॅटोमॉक्सेटिन नावाचं अतिचंचलतेवरचं दुसरं औषध प्रामुख्यानं नॉरअ‍ॅड्रिनलिनच वाढवतं, त्यानंही खेळ थांबला. हे रसायन सावधपणाचं. लक्ष एका जागी बांधून ठेवणं, मनात आलं तरी हात आवरणं, ही त्याची कामं. शास्त्रज्ञांचा कयास असा की औषध ज्या वाटेनं लक्ष बांधतं, त्याच वाटेनं खेळाला लागणारं सैलपणही आवळलं जातं. म्हणजे गोळीचा गुण आणि हा दोष एकाच सुताचे.

त्याच गटाचा २०१६चा प्रयोग तर आम्ही एकमेकींना तीनदा वाचून दाखवला. पिंजऱ्यात मध्ये दार ठेवलं. एक कळ ठरावीक वेळा दाबली की दार उघडणार आणि पलीकडचा जोडीदार खेळायला मिळणार. मिथाइलफेनिडेट दिलेली पिल्लं कळ दाबण्यात मागे हटली नाहीत, उलट त्यांनी ती जास्त दाबली. खेळायला मिळावं म्हणून जास्त खटपट केली! आणि दार उघडल्यावर कमी खेळली. हवंसं वाटणं निराळं आणि प्रत्यक्ष खेळता येणं निराळं, दोघांची रसायनं वेगवेगळी. डोपामिन हवंसं वाटण्याच्या बाजूला जास्त दिसतं. एखादं पोर खेळत नाही म्हणजे त्याला खेळावंसं वाटत नाही, असा अर्थ लगेच काढू नये, हे आम्ही त्यातून घेतलं.

बरं, पिल्लू चार दिवस खेळलं नाही तर बिघडलं काय? चार दिवसांनी फारसं नाही. औषध उतरल्यावर खेळ परत येतो. पण दूध सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे, म्हणजे ऐन खेळाचे दिवस, ज्या पिल्लांना एकटं ठेवलं, ती मोठेपणी अडखळली, नंतर संगत मिळाली तरीही. मोठ्या दांडग्या उंदराच्या राज्यात गेल्यावर गप्प राहून मार चुकवायचा असतो, हे त्यांना जमत नाही. नको तिथे हलतात आणि जास्त मार खातात. पेलिस यांच्या गटाला दिसलं की समवयस्कांशी खेळलेल्या आणि न खेळलेल्या पिल्लांच्या मेंदूचा पुढचा भागही वेगळा घडतो. हाच भाग पुढे स्वतःला आवरायला, समोरच्याचा अंदाज घ्यायला लागतो.

या सगळ्यात एक दिलासाही आहे. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये एकलकोंडी वाढवलेली पिल्लं रोज फक्त तासभर जोडीदाराबरोबर खेळू दिली. एकटेपणाचे बरेचसे परिणाम टळले. एक तास.

आता हात राखून बोलायला हवं. उंदीर म्हणजे मूल नव्हे. प्रयोगातली पिल्लं निरोगी होती, त्यांना अतिचंचलता नव्हती. ज्या मुलाला खरोखर हा त्रास आहे, त्याची गोष्ट उलटीही असू शकते. तो पाळी येईपर्यंत थांबत नाही, चेंडू हिसकावतो, डाव मोडतो, म्हणून पोरं त्याला खेळायलाच घेत नाहीत. अशा मुलाला औषधानं थांबता आलं तर तो पहिल्यांदा डावात येतो. अशीही उदाहरणं डॉक्टर सांगतात आणि ती खोटी नाहीत. पँक्सेप यांचं मत असं होतं की आजच्या मुलांना दंगामस्तीचा खेळ पुरेसा मिळत नाही आणि त्यातल्या काहींना आपण चंचल ठरवून गोळ्या देतो. आधी भरपूर खेळू द्या, असं ते लिहीत. सगळे तज्ज्ञ हे मानत नाहीत. आम्हाला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं. पण रेडिओवर दोन बायका उंदरांबद्दल बोलल्या म्हणून कुणी मुलाची गोळी बंद करू नका. हे आम्ही हात जोडून सांगतो.

असंच आणखी एका औषधाबद्दल, थोडक्यात. फिट येणाऱ्या बायकांना व्हॅल्प्रोएट देतात. गाभण उंदरिणीला ते दिलं तर तिची पिल्लं कमी खेळतात, असं प्रयोगात दिसलं आहे, आणि माणसातही गरोदरपणात या औषधानं बाळाच्या अंगात व्यंग राहण्याचा, वाढीत अडचण येण्याचा धोका वाढतो. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्य तिथे डॉक्टर दुसरं औषध देतात. पण ते आपल्या मनानं एकदम बंद केलं तर जोराची फिट येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायचं. दिवस राहिले असतील तर गोळी चालू ठेवून लगेच जायचं.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सांगायचं. नक्की सांगायचं. पोरगं खेळायचं थांबलं ही काही लाडाची तक्रार नाही. भूक कमी झाली, झोप लागत नाही, हे आपण न लाजता सांगतो ना? ते या औषधाचे नेहमीचे त्रास आहेत, आणि डॉक्टर विचारतातही. खेळाचं मात्र विचारायचं राहून जातं, कारण तपासायच्या खोलीत खेळ दिसत नाही. तो फक्त तुम्हाला दिसतो.

नुसतं “खेळत नाही” म्हणून थांबू नका. आठवडाभर वहीत लिहा. गोळी किती वाजता घेतली. साधी गोळी साधारण चार तास काम करते, दिवसभर टिकणारी निराळी असते, तुमची कुठली ते पाकिटावर आहे. पोरं हाका मारायला किती वाजता येतात. त्या वेळी हा काय करतो, नुसता बसतो की अस्वस्थ असतो, जावंसं वाटतं पण जात नाही, असं त्यालाच विचारा. गोळीचा अंमल उतरल्यावर, सात-आठ वाजता, घरात बहिणीशी दंगा करतो का? सुट्टीच्या दिवशी काय होतं? हसतो का? आधीपासूनच पोरं त्याला टाळत होती का? एवढं लिहिलेलं असलं की डॉक्टरांना मात्रा बघता येते, वेळ बघता येते, औषध बदलायचं का हे ठरवता येतं. ते त्यांचं काम. हसले तर पुन्हा सांगायचं.

ही वही लिहायला सुरुवात केल्याचं ताईंनी परवा कळवलं. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलंय: ‘सोमवार. गोळी सकाळी साडेआठ. पाच वाजता पोरं आली, गेला नाही. सव्वासात, अंधार पडल्यावर, आजोबांच्या पाठीवर बसला. दोघं पडले. दोघंही हसले.’ डॉक्टरांची तारीख पुढच्या शुक्रवारची आहे. सासूबाई सोबत जाणार आहेत.